मे महिन्यातली ओल

तुमच्या घरात कूलरजवळ एक वेगळी रबरी चप्पल ठेवलेली असते का?

खरं सांगा. घरातल्या कोणाच्याच मापाची नसलेली, तरी कोणी फेकत नाही अशी. कूलरमध्ये पाणी टाकताना ती घालायची, हे आमच्याकडच्या पोरांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं असतं. पाहुणा आला की यजमान हसत सांगतो, ‘भाऊ, कूलरले हात लावू नका, थोडासा मारते.’ थोडासा मारते! जशी काही गोठ्यातली खोडकर गाय. एका घरात तर त्या चपलेचा तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. घरच्यांना त्याचं कौतुक होतं, मला हसू आलं नाही. त्या चपलेचा अर्थ एवढाच, की घरात वीज भलत्या जागी येते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याबद्दल काहीही करायचं नाही हेही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे.

मी भिंतींमधली ओल शोधते. लोक मला ‘वॉटरप्रूफिंगवाली मॅडम’ म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, कारण वॉटरप्रूफिंग म्हणजे डब्यातलं काहीतरी काढून फासणं, असा समज आहे. मीही डिप्लोमा झाल्यावर वर्षभर एका ठेकेदाराकडे तेच फासलं. भिंत ओली का होते, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती. मी विचारत राहिले आणि शेवटी बाहेर पडले. आता मी आणि किसन मिस्त्री असे दोघं उमरखेडहून यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत जातो. मिस्त्री माझ्या वडलांच्या वयाचे आहेत. दार उघडणारा माणूस आधी त्यांच्याकडे पाहून नमस्कार करतो, आणि मिस्त्री थंडपणे म्हणतात, ‘साहेब ह्या हायेत. मी हातोडीवाला.’

आमची हत्यारं म्हणाल तर एक छोटी हातोडी, बॅटरी, टेस्टर, जाड प्लॅस्टिकचे तुकडे, चिकटपट्टी आणि नाक. नाक सगळ्यात कामाचं. बंद खोलीत शिरल्यावर ओल्या पोत्यासारखा वास आला की भिंत कितीही गुलाबी असली तरी आम्ही समजून जातो.

आता पहिलं भांडण. आमच्याकडे ओल म्हणजे श्रावणातली गोष्ट. एप्रिल-मेमध्ये मी कोणाला सांगितलं की तुमची भिंत ओली आहे, तर माणूस माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो की हिला ऊन लागलं. ‘मॅडम, इथं बोरवेल आटले, अन तुमी ओल सांगून राह्यल्या!’ अहो, पण मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत लोखंडी पेटी टांगून तिच्यात रोज बादल्याच्या बादल्या पाणी कोण ओततं? ते पाणी जातं कुठं? थोडं हवेत जातं. बाकीचं पेटीतून गळतं, भिंतीवरून ओघळतं आणि पायाशी मुरतं. पायाखाली आमची काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. घराचा एक कोपरा फुगलेल्या मातीवर आणि उरलेलं घर भेगाळलेल्या मातीवर. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दार चौकटीत अडकायला लागतं, आणि घरमालक सुताराला बोलावून दार तासून घेतो. दार! बिचाऱ्या दाराचा काय दोष?

मी पत्रकांच्या घरात वाढले. दिवाणाखाली गठ्ठे असायचे. हुंड्यावरचं पत्रक, साप चावल्यावर कोणाकडे जायचं त्याचं पत्रक, गढूळ पाण्याचं पत्रक. वडील लिहायचे, आई घड्या घालायची, मी बाजाराच्या दिवशी वाटायचे. त्यामुळे माझा समज पक्का होता, की खरी गोष्ट स्वच्छ शब्दांत छापून हातात दिली की माणूस तसा वागतो. स्वतःचं काम सुरू केल्यावर मी सगळ्यात आधी पत्रकच काढलं. ‘ओल ओळखा’.

त्यात जे होतं ते थोडक्यात इथंही सांगते, कारण ते अजूनही खरं आहे. रंगाला फोड येणं ही सुरुवात. पांढरी भुकटी सुटली, तर पाणी भिंतीतून फिरून क्षार बाहेर आणतंय, म्हणजे मामला जुना आहे. हातोडीनं वाजवल्यावर मडक्यासारखा पोकळ आवाज आला तर गिलाव्यानं भिंत सोडली आहे. स्लॅबला गंजाचे तपकिरी डाग पडले तर आतलं लोखंड फुगायला लागलं, आणि मग सिमेंटचे पोपडे कधीतरी डोक्यावर येणार. कपाटामागे काळी बुरशी असेल आणि घरातल्या कोणाचा खोकला औषधानंही जात नसेल, तर डॉक्टरांना भिंतीबद्दल सांगा. ओल खोलीतल्या दमट हवेची की भिंतीच्या आतली, ते कळत नसेल तर जागा पुसून कोरडी करा आणि प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर खिडक्या उघडा. थेंब भिंतीच्या बाजूला जमले तर आम्हाला बोलवा.

लोकांनी बोलावलं. पण सगळ्यांना बोलावून झाल्यावर.

यवतमाळला एक निवृत्त बाबू होते. अतिशय सज्जन, चहाबरोबर चिवडा देणारे. त्यांची बैठकीची भिंत दर दिवाळीला रंगायची आणि दर होळीला सोलायची. मी भिंतीचा एक पापुद्रा सोलून त्यांच्या तळहातावर ठेवला. पिस्ता, त्याखाली जांभळा, त्याखाली मोतिया, त्याखाली निळा. ते आनंदून म्हणाले, ‘हा निळा सूनबाई घरात आली त्या वर्षीचा!’ भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर होतं आणि तिथल्या फरशीचे सांधे उघडे पडले होते. एवढंच. ते मी दाखवलं तर म्हणाले, ‘न्हाणीघर कोण पाहते, मॅडम? पाहुणे बैठकीत बसतात.’

वणीच्या एका घरानं ओल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिकचं चकचकीत पॅनल ठोकून घेतलं होतं. संगमरवराचं चित्र असलेलं. खोलीत वास येतो म्हणून मला बोलावलं आणि पॅनल काढू देईनात! ‘नवीन हाय नं ते.’ मी दीड तास बोलले. मिस्त्री तेवढ्या वेळात बाहेर कट्ट्यावर झोपून उठले. शेवटी खालची एक पट्टी उघडली, तर मागे काळ्या मखमलीसारखी बुरशी आणि मुंग्यांचं वारूळ. घरमालकानं पाहिलं, पट्टी हलकेच परत लावली आणि मला म्हणाला, ‘वरतून स्प्रे मारता नाही येत का?’

अशी माणसं मला खूप भेटली. त्यांच्यावर चिडून मी घरी येते, जेवते, झोपते. पण ढाणकीजवळच्या एका गावातलं घर मात्र तसं सुटत नाही. तिथं मी त्यांच्यावर चिडले ते बरोबर होतं, आणि चुकले तीही तिथंच.

फोन कांताकाकूंचा होता. त्यांनी माझं पत्रक ढाणकीच्या बाजारात घेतलं होतं. फोनवर आवाज दबका. ‘मॅडम, भिंत हाय एक. येऊन पाह्यता का? यायले सांगतलं नाई अजून.’ ‘यायले’ म्हणजे यांना, त्यांच्या मालकांना, गजाननरावांना. कापूस, सोयाबीन, तूर, पाण्याची सोय असलेलं शेत, दोन वर्षांपूर्वी बांधलेलं स्लॅबचं घर. आम्ही पोचलो तेव्हा गजाननराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बायकोनं परस्पर बोलावलंय हे कळल्यावर त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मिस्त्रींना म्हणाले, ‘या, बसा.’ मिस्त्रींनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं.

गजाननरावांनी माझं पत्रक मागून घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. मध्ये मध्ये मान डोलावत. मला आशा वाटायला लागली. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, ‘भाषा मस्त हाय. कोणी लिहून देल्लं?’

मग खोली दाखवली. त्यांच्या मुलीचं, शीतलचं, हे पहिलं बाळंतपण. माहेरी आलेली. उमरखेडच्या दवाखान्यात तीन दिवसांपूर्वी मुलगी झाली होती आणि परवा मायलेकी घरी येणार होत्या. त्यांच्यासाठी घरातली सगळ्यात चांगली खोली तयार होत होती. मोठा कूलर असलेली. कूलरच्या खिडकीखालच्या भिंतीला लागून लोखंडी पलंग, त्यावर नवी गादी, गादीवर काकूंनी शिवलेली दुपटी रचलेली. आणि त्याच भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल. मे महिना. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. राजू पेंटर पलंगाच्या बाजूला उकिडवा बसून पुट्टी मारत होता आणि वैतागला होता.

‘तिसरा हात हाय मॅडम. पकडतच नाई राह्यली.’

‘पाण्यावर पुट्टी कशी पकडेल?’

‘मले वाटलं पुट्टीच खराब हाय,’ तो म्हणाला. बिचारा दुसरी पिशवी आणून बसला होता.

मी बाहेर जाऊन कूलरखालची जमीन पाहिली. नेहमी तिथं शेवाळ, चिखल, एखादं उगवलेलं टमाट्याचं रोप असतं. इथं जमीन कोरडी ठणठणीत. पेटीतून गळती नाही, ओघळ नाही. मी चक्रावले. गजाननराव मागून आले आणि त्यांचा चेहरा फुलला.

‘बोट लावून पाहा. एक थेंब नाई सांडत. बादली-गिदली भानगडच नाई. वरच्या टाकीतून डायरेक पाणी येते, पेटी भरली का आपोआप बंद. आमच्या गावात असं कोणाकडंच नाई.’

‘पाइप कुठाय?’

‘दिसून नाई राह्यला नं? तेच तर हाय! भिंतीतून घेतला. भिंतीवर पाइप लोंबला का घर चाळीसारखं दिसते.’

मिस्त्रींनी विचारलं, ‘अन लाइटची वायर?’

‘तेबी आतूनच. एकच झिरी मारली.’ झिरी म्हणजे पाइप किंवा वायर लपवायला भिंत खोदून काढलेली खाच. ‘वायरमन म्हणे दोन मारतो, प्लंबर म्हणे माही वेगळी मारतो. मी म्हटलं, दोनदा भिंत कायले फोडा? घाला एकातच.’

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. त्यांच्या तीस वर्षांच्या कामात मी सगळा वेळ त्यांच्याबरोबर नव्हते, पण मिस्त्री हातोडी खाली ठेवतात तेव्हा काय झालेलं असतं ते मला सहा वर्षांत कळलं आहे.

पाणी आणि वीज एकाच खाचेत, वरून गिलावा. पाइपाचा सांधा थोडा जरी सुटला तरी पाणी आतल्या आत उतरणार, वायरीच्या जोडांवर बसणार. ओल्या, क्षार साचलेल्या भिंतीतून वीज चालते. त्या भिंतीला लोखंडी पलंग टेकवलेला. मी खोलीत परत गेले आणि टेस्टर ओलीवर टेकवला. टेस्टरमधला दिवा मिणमिणला. भर दुपारी, उजेडातही दिसला.

दारात कांताकाकू उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘मुंग्या येतात नं हाताले. मी रोज पुसून राह्यली फडक्यानं, पांढरं निघते म्हणून. तं मुंग्या येतात.’

गजाननराव म्हणाले, ‘तं मंग सांगतलं काहून नाई?’

‘सांगतलं तं होतं. तुमी म्हटलं, चप्पल घाल.’

इथं मी तापले. आजही आठवलं की तापते. मी सांगितलं की या खोलीची वीज आत्ता बंद करा. भिंत फोडावी लागेल, पाइप बाहेरून घ्यावा लागेल, वायरिंग नवीन, अर्थिंग नवीन, आणि वीज गळाली की स्वतःहून पडणारं बटण मीटरजवळ बसवावं लागेल. भिंत वाळायला महिना-दीड महिना. तोवर मायलेकी या खोलीत नकोत.

गजाननरावांनी शांतपणे विचारलं, ‘चव्वेचाळीस डिग्रीत तीन दिवसांचं लेकरू बिना कूलरचं ठेवू?’

हा प्रश्न खरा होता. त्याला उत्तर द्यायला हवं होतं. मी उत्तर दिलं नाही, मी भाषण दिलं.

‘अन बारशाले व्याही येतील,’ ते पुढे म्हणाले. ‘पोरगी फोडलेल्या भिंतीत, धुळीत ठेवली म्हणतील. राजू दोन हात अजून मारते, वरून ऑइलपेंट मारू. पावसाळ्यानंतर तुमी या, सगळं फोडा.’

मी म्हणाले, अज्ञान परवडतं पण दिखावा परवडत नाही. मी म्हणाले, तुम्हाला घरापेक्षा घराचा फोटो प्यारा आहे. मी बरंच काही म्हणाले. सगळं खरं होतं, वाक्यं नीट पडत होती. राजू पेंटर पुट्टी विसरून ऐकत होता. माझं झाल्यावर गजाननराव म्हणाले, ‘मस्त बोलता मॅडम. जिल्हा परिषदेले उभ्या राहा.’

मी म्हणाले, ‘मग तुमचं तुम्ही पाहा.’ आणि निघाले.

ढाणकीच्या स्टँडजवळ रसवंतीवर गाडी थांबवली. मी दोन ग्लास रस प्यायले. मिस्त्रींचा ग्लास तसाच होता.

‘घ्या न मिस्त्री.’

‘ताई, तुमी जितल्या बरं.’

‘मग?’

‘नाई, जितल्याच. पण राजूची पुट्टी सांडली होती खाली. भिंतीवरबी उडाली होती. काकू आता पुसत असन.’ मिस्त्रींनी ग्लासातल्या बर्फाकडे पाहिलं. ‘ओल्या फडक्यानं.’

पुढचं मला नीट आठवत नाही. गाडी किती पळवली ते मिस्त्री अजून सांगतात आणि लोक हसतात. आठवतं ते एवढंच, की रस्ताभर मी स्वतःला एकच गोष्ट विचारत होते. एवढं सगळं बोललीस, त्यात खटका खाली ओढायला कितीसा वेळ लागला असता?

कांताकाकू पुसत नव्हत्या. त्या पलंगाच्या कडेला बसून दुपट्याला काठ घालत होत्या. कूलर सुरू होता. पलंगाचा पाय भिंतीला टेकलेला होता, त्यांचे पाय गार फरशीवर, अनवाणी. मला पाहून उठायला लागल्या तर मी ओरडले, ‘काकू, कशाला हात लावू नका! सरळ पुढं या!’ त्या घाबरून तशाच चालत आल्या. मी व्हरांड्यात मीटरपाशी गेले. कोणतं बटण कोणत्या खोलीचं ते लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांचं मिळून असतं ते मोठं पाडलं.

कूलर थांबला, पंखे थांबले, आतल्या खोलीतला टीव्ही गप्प झाला. गजाननराव बनियनवर बाहेर आले.

‘लाइट गेली काय?’

‘मी घालवली.’

घराच्या मालकाला न विचारता त्याच्या घरातली वीज बंद करणं चूक आहे. माझ्या वडलांनीही ते पत्रकात लिहिलं नसतं. गजाननराव काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. दिवाळी अंक आहे. मी या वेळी एकही शब्द बोलले नाही. मीटरसमोर उभी राहिले फक्त. बोलल्या त्या कांताकाकू.

‘कोणी बटन चालू केलं तं मी शीतलले फोन करून सांगतो, सासरी जाय म्हणून.’

‘अन गर्मीत कुठी ठेवतं लेकराले?’

‘भाऊजीच्या घरी.’

गजाननरावांच्या धाकट्या भावाचं घर शेजारीच, मधे फक्त कुडाची भिंत. जुन्या पद्धतीचं, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. कूलरशिवाय गार. आणि शेताच्या धुऱ्यावरून दोघा भावांचं चार वर्षं बोलणं बंद. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडे त्या हातभर मातीवरून माणसं मरेपर्यंत एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

‘त्याच्या दारात मी जात नसतो,’ गजाननराव म्हणाले.

‘तुमाले कोण चाल म्हणते?’ काकूंनी पदर खोचला आणि मागच्या दारानं निघाल्या. पाचच मिनिटांत जाऊबाईंना घेऊन आल्या. जाऊबाईंनी कोणालाही काही विचारलं नाही. पलंगावरची दुपटी उचलली, गादीची एक बाजू धरली आणि आपल्या जेठाकडे, थोरल्या दिराकडे, न पाहता म्हणाल्या, ‘राजू, दुसरीकून धर.’

गादी गेल्यावर खोलीत आम्ही तिघंच उरलो. मिस्त्रींनी गजाननरावांकडे पाहिलं. त्यांनी हात हलवला. तो होकार होता की ‘करा काय करायचं ते’ होतं, मला माहीत नाही. मिस्त्रींनी पुन्हा एकदा टेस्टर लावून वीज बंद असल्याची खात्री केली, मग भिंत उघडली. गिलावा फोडावा लागला नाही, हातानंच आला. आत पाइपाच्या सांध्यातून पाण्याचा एकेक थेंब वायरीवर पडत होता आणि तिथंच वायरीचा जोड होता, टेप सुटलेला, तांबं हिरवं पडलेलं. त्या जोडाची उंची आणि पलंगाच्या लोखंडी डोक्याची उंची एकच.

गजाननराव खाली बसले. मला वाटलं, आता माणूस काहीतरी बोलेल. तो बोलला.

‘पण काही झालं तं नव्हतं नं.’

माझ्या धंद्याचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. डॉक्टरनं ताप उतरवला तर ताप होता हे तरी सगळ्यांना माहीत असतं. माझं काम चोख झालं की काहीच होत नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून माझी गरजच नव्हती, असं ठरतं. शीतल आणि तिची मुलगी काकांच्या घरी कवेलूच्या खोलीत राहिल्या. बारसं तिथंच झालं. गजाननराव कुडाच्या भिंतीच्या अलीकडून पाहत होते, असं राजूनं सांगितलं. शेवटी नाव ठेवायच्या वेळी गेले. आम्ही वायरिंग नवीन करून घेतलं, पाइप बाहेरून घेतला, भिंत वाळू दिली. गजाननराव अजूनही गावात सांगतात, की मॅडमनं चांगली खोली फोडली आणि पाइप लोंबता करून ठेवला. काकूंनी बारशाच्या घुगऱ्या उमरखेडला येणाऱ्या माणसाबरोबर माझ्याकडे पाठवल्या, सोबत निरोप नाही. मी आणि मिस्त्रींनी एका साइटवर वाळूच्या ढिगावर बसून त्या खाल्ल्या.

मला अभिमान आहे, नाही असं नाही. पण रात्री आडवी झाले की मला ती रसवंती आठवते. मी दोन ग्लास रस प्यायले तेवढा वेळ एक बाई वीज उतरलेल्या भिंतीला टेकलेल्या पलंगावर बसून नातीच्या दुपट्याला काठ घालत होती, आणि मी माझं म्हणणं किती बरोबर होतं ते आठवत होते. तेव्हापासून मी एक नियम केला आहे. भिंत मारते असं कळलं की आधी खटका पाडायचा, परवानगी नंतर मागायची, आणि मतं सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईकं चिडतात. चिडू देत.

हा अंक तुमच्या हातात आहे तेव्हा दिवाळी आहे. कूलर पुसून पोत्यात गुंडाळून ठेवलेला असेल, भिंतींना नवा रंग असेल, आणि तुम्हाला वाटत असेल की हे सगळं आपल्याला लागू नाही. म्हणून आजच एक काम करा. पलंग आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढा, बॅटरी घेऊन मागं पाहा. फोड, पांढरी भुकटी, काळे ठिपके, जुन्या पाण्याची रेघ, काहीही दिसलं तर रंगाच्या डब्याचं झाकण बंद ठेवा. वीज जवळ असेल तर खटका पाडा आणि आधी परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. मग अशा माणसाला बोलवा जो ‘पाणी येतंय कुठून?’ हे डबा उघडण्याच्या आधी विचारतो. मीच पाहिजे असं नाही. स्लॅबला गंजाचे डाग किंवा भिंतीला तिरपी चीर असेल तर इंजिनिअरला दाखवा, आणि तोवर त्याखाली कोणाला झोपवू नका. भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी कळवा, एक प्रत जवळ ठेवा.

आणि एवढंही करायचा कंटाळा येत असेल, तर उठून घरातल्या त्या बाईकडे जा, जी रोज भिंती पुसते. तिला विचारा, ‘हाताला काही होतं का?’

उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथंच उभे राहा.